एकाचं औषध दोघांत

मी बरा झालो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्याच काळजीनं शेवटपर्यंत वाचाल आणि मग माझ्यावर चिडाल. मी बरा झालो, वजन भरलं, फोटोत छाती स्वच्छ आली. माझी पोरगी गेली. आता पुढचं वाचायचं असेल तर वाचा.

आमच्या तालुक्याच्या टीबी केंद्रातले साहेब मला म्हणाले, "तुम्ही बोलता चांगलं. जे लोक औषध मध्येच सोडतात त्यांना चार शब्द सांगा." मी दोनदा बोललो. लोक माना हलवतात, "व्हय व्हय" म्हणतात आणि तिसऱ्या महिन्यात गायब होतात. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, कारण मी त्यांच्यातलाच. म्हणून बोलण्यापेक्षा लिहितो. शिक्षण सातवी आहे. चुकलंमाकलं असेल तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं.

*

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. आमच्या बाजूला पाऊस नाही, ऊस नाही. त्यामुळं गावातला बाप्या एक तर पलटणीत नाहीतर परमुलखात सोनं गाळत बसलेला. माझ्या चुलतभावाचं दुकान कानपूरला होतं. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. एक खोली, मागं भट्टी, वर झोपायला माळा. सोनाराकडचं मोडीचं सोनं आणायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून उकळायचं, मळ सुटला की चोख सोनं खाली राहतं. तेजाब उकळायला लागला की तांबूस धूर उठतो आणि तो थेट घशात जातो. त्यामुळं आमच्या धंद्यात खोकला म्हणजे काही विशेष नाही. जो खोकत नाही तो नवा आलेला, एवढंच समजायचं.

ही आमची पहिली चूक, आणि ती गलाईवालाच करू जाणे. गावात कुणी महिनाभर खोकला तर म्हातारी माणसं कान टवकारतात. आम्ही वर्षानुवर्षं खोकायचो आणि "तेजाबाचा हाय" म्हणून गूळ खाऊन गप्प बसायचो.

एक दिवस अण्णाच्या खोकल्यातून रक्त पडलं. तो तिथल्या एका डॉक्टरकडं जाऊन आला. टीबी निघाला. स्ट्रेप्टोच्या सुया, रोज एक, तीन महिने. गोळ्या दीड वर्ष. मला रक्त पडत नव्हतं, पण रोज दिवस कलला की अंग कोमट व्हायचं, रात्री घाम फुटायचा आणि पायजम्याची नाडी दर आठवड्याला थोडी जास्तच आवळावी लागायची.

अण्णा म्हणाला, "गड्या, तुलाबी तेच हाय. मग दोघांनी कशाला डॉक्टर करायचा? सोनारांत बोभाटा झाला तर दुकानाची पायरी कोन चढंल? ह्यातच भागवू."

आमचं सगळंच वाट्यानं चालायचं. एका ताटात जेवायचो, एका काडीवर दोघांच्या विड्या पेटायच्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मला गहिवरून आलं, की भाऊ असावा तर असा, आपल्या जिवाचं औषध वाटून देतोय. एक दिवस सुई त्याला, एक दिवस मला. गोळी दातानं तोडून अर्धी त्यानं खायची, अर्धी मी. शेजारच्या गल्लीतला एक कंपाउंडर दंडात सुई टोचायचा आणि काही विचारायचा नाही.

दोन महिन्यांत दोघंही टुणटुणीत झालो. भूक लागायला लागली, ताप गेला. अण्णा म्हणाला, "बास आता, उगं कशाला अंगात इख भरायचं?" आम्ही थांबलो. दिवाळीला मी गावी आलो आणि महिनाभर राहिलो. नंदा, माझी पोरगी, तेव्हा सहाची होती. तिला माझ्या अंथरुणात घुसून झोपायची सवय. माझ्या दंडावर डोकं ठेवायची आणि कानपूरच्या गोष्टी ऐकायची. मी खोकलो की माझ्या तोंडावर हात ठेवायची. मला मोठी मौज वाटायची.

*

आजार हत्तीच्या पायानं येतो आणि मुंगीच्या पायानं जातो, असं म्हणतात. आमच्याकडं तो मुंगीच्या पायानं आला आणि गेलाच नाही.

चैत्रात गावची जत्रा आणि त्याच्यामागं माझ्या धाकट्या बहिणीचं, रंजनाचं लग्न, म्हणून मी पुन्हा गावी आलो होतो. बघतो तर नंदा सारखी किरकिर करतेय. खेळायला जात नव्हती. डोकं दुखतं म्हणायची. जत्रेत गारीगार घेऊन दिला तर दोनदा चाटून टाकून दिला. आई म्हणाली, "कुनाची तरी दिष्ट लागली." मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. विट्याच्या डॉक्टरनं टायफॉइडचं औषध दिलं. आठ-दहा दिवस तेच चाललं. एक दिवस सकाळी तिची आई, शालन, मला हाका मारत आली. "आवं, हिकडं बघा, पोरगी कशी बघतीया." नंदाचा एक डोळा आत वळला होता. मान ताठ झाली होती. उचलून घेतली तर लाकडासारखी आली.

एसटीच्या मागच्या बाकावर तिला मांडीवर आडवी घेऊन आम्ही सांगलीला गेलो. तासगावच्या अलीकडं तिला झटका आला. कंडक्टरनं गाडी थांबवली नाही, उलट ड्रायव्हरला सांगून मधले थांबे गाळले. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याचे उपकार मी विसरलो नाही.

*

सांगलीच्या त्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डावर एक डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. वयानं माझ्याएवढ्याच, बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी नंदाचे डोळे पाहिले, पाय वाकवून पाहिले आणि बाकावरच आमच्यासमोर बसून विचारायला सुरुवात केली. ताप कधीपासून, ओकाऱ्या कधीपासून. मग म्हणाल्या, "घरात कुणाला टीबी? कुणी खोकतंय का बरेच दिवस? कधी टीबीच्या सुया घेतल्यात का कुणी? अर्धवट घेतल्या असतील तरी सांगा."

आता नीट ऐका. त्या दिवशी रंजनाच्या लग्नाला वीस दिवस राहिले होते. नवरा मुलगा खंडाळ्याकडचा, पलटणीतला. त्याची रजा ठरलेली. लग्न पुढं ढकलायची सोय नव्हती, आणि मोडायला एक शब्द पुरला असता. टीबीच्या घरातली पोरगी कोण करून घेणार? आणि सांगलीच्या दवाखान्यात आमच्या विट्याकडचं माणूस रोज कुणी ना कुणी असायचंच. सकाळी बोललेलं एसटीनं दुपारी गावात पोचायचं. आईनं निघताना माझ्या कानात सांगितलं होतं, "बाळा, काय बी निघालं तरी लगीन पार पडूस्तवर त्वांड मिटून ऱ्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची." तिला कानपूरचं काही ठाऊक नव्हतं. ती आपली नंदाच्या दुखण्याबद्दल बोलत होती.

मी बाईंना म्हणालो, "न्हाई जी. कुनाला काय न्हाई."

नेमका तेवढ्यात मला खोकला आला. बाईंनी भुवया वर केल्या. मी म्हणालो, "ह्यो तेजाबाचा हाय. आमचा धंदाच तसला."

"तरी छातीचा फोटो काढून घ्या. दोघांनीही."

"काढतो," म्हणालो. शालनचा काढला. मी रांगेत अर्धा तास उभा राहिलो आणि नंबर यायच्या आत बाहेर पडून चहा प्यायलो. हे लिहिताना मला माझी लाज वाटते. तुम्हालाही वाटू द्या.

*

पाठीतलं पाणी काढताना आईबापाला बाहेर ठेवतात. पोराचं मुटकुळं करून धरतात आणि मणक्यात सुई घालतात. आत नंदा एकदाच ओरडली, "तात्याऽऽ." मी दारावर हात ठेवून उभा होतो. नंतर बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मेंदूच्या आवरणाला टीबी झाला आहे. औषध आहे. पुष्कळ मुलं जगतात. उशीर झालाय, पण आपण लगेच सुरू करू. पाणी पुण्याला तपासायला पाठवलंय, त्यात जंतू वाढवून कोणत्या औषधानं ते मरतात हे बघतात. त्याला दोन-अडीच महिने लागतात.

"तोवर?" शालननं विचारलं.

"तोवर नेहमीचं औषध. बहुतेकांना ते लागू पडतं."

नेहमीचं औषध म्हणजे स्ट्रेप्टोची सुई आणि त्या गोळ्या. कंपाउंडरनं बाटली हलवली तेव्हाच मी ती ओळखली. मी मनाशी म्हणालो, हे तर मी घेतलं होतं आणि बरा झालो होतो. म्हणजे औषध चांगलंच आहे. माणूस स्वतःला कसा समजावतो बघा.

*

वॉर्डात आमचे दिवस ठरून गेले. सकाळी सुई. मग गोळ्या कुटून मधात. वाटीभर एक कडू भुकटी असायची, ती नंदा निम्मी थुंकायची आणि शालन थुंकलेली पुन्हा चमच्यानं तोंडात घालायची. दर चार-पाच दिवसांनी पाठीची सुई. उन्हाळा असा की कॉटचं लोखंड हाताला चटका द्यायचं. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये नातेवाइकांच्या चुली मांडलेल्या, तिथं शालन पेज शिजवायची.

वॉर्डात हिराबाई नावाच्या आया होत्या. तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी शालनला म्हणाल्या, "रडायचं आसंल तर संडासामागं जाऊन रड. पोरासमोर रडलीस तर भाईर काढीन." पण दुपारी आपल्या घरून कांदा-ताकातली आंबील घेऊन आल्या आणि शालनच्या हातात वाटी देऊन म्हणाल्या, "गीळ. तू पडलीस तर दोन कॉटा धराव्या लागतील." नंदाच्या पाठीला फोड येऊ नयेत म्हणून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं हे त्यांनीच शिकवलं. हिराबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. पगारात ते नव्हतं.

आठव्या दिवशी नंदाला बरं वाटलं. डोळा जरासा सरळ झाला, मान मऊ पडली. तिनं दुधात चुरलेली भाकरी खाल्ली. मला खोकला आला तर म्हणाली, "तात्या, खोकू नगा, बाई वरडत्यात." सगळा वॉर्ड हसला. हिराबाई म्हणाल्या, "आली का गं जाग्यावर, भवाने!" मी बाहेर जाऊन गणपतीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणालो, सुटलो. लग्नही पार पडेल आणि पोरगीही उठेल. मला वाटलं, माझी मूठ झाकलेलीच राहणार.

पाच दिवस असे गेले. तेवढे पाचच.

*

मग ती पुन्हा खाली जायला लागली. ताप चढला. झोपेतून उठवली तरी उठायची नाही. बाईंनी पाठीचं पाणी पुन्हा तपासलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "सुजेचं औषध दिलंय म्हणून मधे बरं वाटलं. टीबीचं औषध लागू पडायला हवं होतं, ते पडत नाही. का पडत नाही कळत नाही." हे त्या स्वतःशीच बोलत होत्या, पण मी शेजारी उभा होतो. मला कळत होतं का पडत नाही ते. म्हणजे डॉक्टरी भाषेत नाही, पण पोटात कळत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो. शालन दवाखान्यातच राहिली. मांडवात लोक विचारत होते, "पोरगी कशी हाय?" मी म्हणत होतो, "ताप डोक्यात गेलाय, उतरतोय आता." बहिणीच्या अंगावर अक्षता टाकल्या. नवरदेव चांगला उंचापुरा होता, वाकून माझ्या पाया पडला. बँड वाजत होता आणि मी मोजत होतो की आता सुटेल ती विट्याची गाडी मिळते का. रंजना, तू हे वाचशील तर वाच. तुझा काही दोष नाही. तू तेव्हा अठरा वर्षांची होतीस आणि तुला कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात पोचलो. खिडकीतून ऊन थेट कॉटवर पडलं होतं. नंदा जागी होती. मला आवाजावरून ओळखलं आणि म्हणाली, "तात्या, दिवा लावा की. अंधार किती केलाय."

मी तसाच बाईंच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. अण्णा, सुया, एक दिवसाआड, अर्धी गोळी, दोन महिन्यांत बंद. बाई लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लग्न होतं ना?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"झालं?"

"झालं."

त्यांनी मला तिथूनच फोटोला पाठवलं. या वेळी माणूस बरोबर दिला. उजव्या फुप्फुसाला वर भोक होतं. थुंकीत जंतू निघाले. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. अर्ध्या औषधानं कच्चे जंतू मरतात आणि माणसाला बरं वाटतं. निबर असतात ते उरतात. मग त्यांचीच पैदास वाढते आणि त्या औषधाला ते दाद देत नाहीत. माझ्या छातीत असे निबर जंतू उरले आणि माझ्या श्वासातून ते नंदाच्या अंगात गेले. तिनं आयुष्यात एकही सुई घेतलेली नव्हती, तरी तिच्या वाट्याला आले ते माझे पोसलेले.

मी गलाईवाला. मूस अर्ध्यात भट्टीवरून उतरवली तर सोनं चोख होत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत मला ते सुचलं नाही.

"मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून दुसरी औषधं दिली असती. वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण संधी होती."

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. मी त्यांचा त्याबद्दल ऋणी आहे, आणि त्याबद्दलच मला त्यांचा आजही राग येतो.

*

दुसरी औषधं मुंबईहून आली. त्यांनी नंदाला नुसत्या ओकाऱ्या व्हायच्या. आता ती कुणालाच ओळखत नव्हती. हात-पाय आखडून गेले होते. नाकातून नळी घातली होती, तीतून शालन पेज घालायची. मला खोकल्यामुळं वॉर्डात यायला मनाई झाली. मी व्हरांड्यात खिडकीच्या गजांपाशी तोंडाला उपरणं बांधून बसायचो. शालनला बाईंनी एवढंच सांगितलं होतं की, नवऱ्यालाही टीबी निघाला आहे. बाकीचं मी सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. लग्न झालं होतं, आता कशाची भीती होती? तिची होती. ती काय म्हणेल याची.

नंदा बुधवारी दुपारी गेली. शालन नळावर तिचा परकर धूत होती. हिराबाई खिडकीपाशी आल्या, माझ्याकडं पाहिलं आणि नुसतीच मान हलवली. मग त्याच नळावर गेल्या आणि शालनच्या हातातला परकर काढून घेतला. मी आत धावलो, कुणी अडवलं नाही. आता अडवून उपयोग काय होता? सहा वर्षांची पोर, पण एवढीशी झाली होती. कृष्णेच्या काठाला तिला मूठमाती दिली. शालनचा भाऊ आला होता, त्यानंच सगळं केलं. मी बाजूला वाळूत बसून होतो.

*

पुण्याचा कागद त्यानंतर महिन्याभरानं आला. बाईंनी पत्र पाठवून बोलावलं. मी जाणार नव्हतो. औषधंही मी घेत नव्हतो, उकिरड्यावर टाकत होतो. जगायचं कशाला? पण शालन म्हणाली, "चला." नंदा गेल्यापासून ती माझ्याशी तेवढा एक शब्द बोलली, म्हणून गेलो.

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. त्यावर औषधांची नावं होती आणि पुढं इंग्रजीत काही लिहिलेलं. स्ट्रेप्टो चालत नाही. ती गोळी चालत नाही. ती कडू भुकटीही फारशी नाही. खालची तीन चालतात.

"नंदाच्या पाण्यातले जंतू आणि तुमच्या छातीतले जंतू एकच," बाई म्हणाल्या. "हा कागद तिच्या कामाला आला नाही. तुमच्या येईल. ह्याच्याप्रमाणं औषध घेतलंत तर तुम्ही जगाल."

मला ते ऐकवेना. पोरीच्या पाठीतून सुईनं काढलेलं पाणी, आणि त्यावर बापानं जगायचं. मी म्हणालो, "मला न्हाई घ्याचं औषध." बाई काही बोलायच्या आत शालननं तो कागद उचलला आणि पदरात बांधला.

त्या दिवसापासून वीस महिने तिनं माझ्या हातावर गोळ्या ठेवल्या. रोज सकाळी, न्याहारीनंतर. गिळेपर्यंत समोर उभी राहायची. गिळल्यावर म्हणायची, "आ करा." मी लहान पोरासारखा तोंड उघडून दाखवायचो. त्या औषधांनी माझी भूक मेली, पायाला मुंग्या यायच्या, तोंडाला धातूची चव यायची. एकदा मी ओकलो तर तिनं ओकारीत गोळी आहे का ते काडीनं बघितलं आणि दुसरी दिली. प्रेमानं करत होती असं मी म्हणणार नाही. ती तसं म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही.

मधे कानपूरहून पत्र आलं. अण्णाला पुन्हा रक्त पडायला लागलं होतं. त्यानं त्याच कंपाउंडरकडून त्याच सुया पुन्हा सुरू केल्या होत्या. मी उलट पत्र टाकलं की त्या सोड, इकडं ये, आपला कागद एकच असणार. पत्र पोचलं की नाही देव जाणे. महिन्याभरात तार आली, तो गेला.

*

वीस महिन्यांनी फोटो स्वच्छ आला. बाई म्हणाल्या, "संपलं. आता औषध बंद." बाहेर आल्यावर हिराबाई भेटल्या. म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. मला म्हणाल्या, "जगलास व्हय रं बाबा?" मी "व्हय" म्हणालो. त्या बादली उचलून वॉर्डात गेल्या.

जे लोक मला विचारतात, "टीबी बरा हुतोय का?" त्यांना मी "हुतोय" सांगतो. खरंच होतो. डॉक्टर सांगेल तेवढे दिवस, सांगेल तेवढं, एकट्यानं घ्या. भावाला देऊ नका, बायकोला देऊ नका, देवाला वाहू नका. आणि डॉक्टरनं काही विचारलं तर सांगा. घरात लग्न असलं तरी सांगा. एवढं तुम्ही केलंत म्हणून माझं काही परत येणार नाही, हे मला माहीत आहे.

शालनला मी सगळं सांगितलं ते औषध संपल्यानंतर. घरात दोघंच होतो, आई रंजनाकडं गेली होती. शालन सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि बोलून टाकलं. अण्णाच्या सुया, एक दिवसाआड, आणि सांगलीला बाईंनी विचारलं तेव्हा मी कसा खोटं बोललो, ते सगळं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कुनी सांगितलं? बाईनी?"

"कुनी सांगाय कशाला पायजे? दिवाळीत पहिल्या आंघुळीला तुमास्नी तेल कुनी लावलं? दोन्ही दंडाला गाठी हुत्या. आमच्या थोरल्या मामाला टीबीच्या सुया टोचून टोचून तसल्याच आल्या हुत्या. मामा त्यातच गेला न्हवं."

मी म्हणालो, "मग तवा का बोलली न्हाईस? बाई इचारत हुत्या तवा?"

"तुमी न्हाई म्हनलासा," ती म्हणाली. "रंजीचं लगीन हुतं. मी काय म्हननार?" तिनं एक शेंग उचलली, पण फोडली नाही. "तिथंच बसलेली की मी बी. नंदाचं डोसकं माज्या मांडीवर हुतं."